तिसऱ्या नळीची गोळी

किन्हवलीहून जी वाट मुरबाडच्या डोंगराकडे जाते, त्या वाटेवरच्या शेवटच्या गावात कोंडू नावाचे तिघे होते. एक लंगडा कोंडू, एक दूधवाला कोंडू आणि एक जर्मन कोंडू. ही हकिकत जर्मन कोंडूची. आता हा माणूस उभ्या जन्मात कसाऱ्याचा घाट चढून दोनदा नाशिकला गेला असेल, तेवढाच त्याचा परदेश. भात लावायचा, झोडायचा, पाऊस सरला की वाल पेरायचा. पण त्याच्या माजघरात खुंटीला ज्या बंदुका टांगलेल्या असत त्या अस्सल जर्मन, आणि त्यांच्याबद्दल एकदा बोलायला लागला की समोरच्याची सुटका नसे. लोक त्याला लांबून बघून वाट बदलायचे. गावाने ठेवलेलं नाव त्याला मात्र आवडायचं.

ह्या नादाचं मूळ एका डॉक्टरात होतं. मुंबईचे हे डॉक्टरसाहेब जर्मनीत शिकून आलेले. शिकार चालू होती त्या काळात दर हिवाळ्यात ते ह्या डोंगरात यायचे. गावची माणसं हाकारा घालायची, आणि नवं लग्न झालेला तरणाबांड कोंडू साहेबांची बंदूक वाहायचा. ती बंदूक इतरांसारखी नव्हती. एक नळी छऱ्याची आणि तिला चिकटून दुसरी गोळीची. ससा उठला तर छरा, डुक्कर उठलं तर गोळी. साहेब सांगायचे की तिकडच्या रानात माणूस एकटा फिरतो, समोर काय येईल ते त्याला ठाऊक नसतं, म्हणून तिकडच्या कारागिरांनी हे जोडकाम काढलं. कोंडूला हे फार पटलं. समोर काय येईल हे ठाऊक नसलेल्या माणसाची कोणीतरी, कुठेतरी आधीच सोय करून ठेवली आहे, ह्याचं त्याला नवल वाटे. त्याच्या स्वतःच्या आयुष्यात अशी सोय कोणी केलेली नव्हती.

पुढे सरकारने शिकार बंद केली. साहेबांचं येणं थांबलं. पण जाताना त्यांनी ती बंदूक रीतसर कागद करून कोंडूला दिली, कारण पिकाच्या राखणीचं लायसन त्याने काढलेलंच होतं. दोन नळ्या शेजारी-शेजारी म्हणून कोंडूने तिचं नाव ठेवलं शेजारीण. एका लायसनवर तीन बंदुका बसतात हे त्याला शहापूरच्या कचेरीत कळलं, आणि त्याच दिवशी त्याच्या डोक्यात किडा शिरला की तिन्ही जागा जर्मनांनीच भरायच्या.

तुम्ही म्हणाल, भातशेतकऱ्याला हे परवडणार कसं. गंमत अशी, की ह्या बंदुका कोणालाच नको होत्या. गोळीची काडतुसं आपल्याकडे मिळत नाहीत, शिकार बंद, मग अर्धी मुकी बंदूक घेऊन करायचं काय? कोंडूला तेच सोयीचं होतं. हातात कामं नसली की तो उठायचा आणि खर्डी, वासिंद, मुरबाड, जिथे कोणी जुना शिकारी उरला असेल तिथे जाऊन ओट्यावर बसायचा. चहा पितापिता विचारायचा, "तुमच्याकडं दोन जातीच्या नळ्यावाली हाय का वो एखादी?" लोक हसायचे. तोही हसायचा आणि पुढच्या गावाला जायचा.

वीसएक वर्षं अशी लोकांच्या ओट्यांवर बसून काढल्यावर, चौऱ्याण्णव सालच्या भाद्रपदात, मुरबाडच्या एका म्हाताऱ्या लाकूड-ठेकेदाराच्या घरी त्याला तीननळी दिसली. भाताच्या कणगीमागे पोत्यात गुंडाळलेली. वर छऱ्याच्या दोन नळ्या जोडीने आणि त्यांच्या पोटाखाली बारीक तिसरी, गोळीची. पोलादावर कोरलेलं हरीण, इतकं बारीक की त्याच्या डोळ्यातही भीती दिसावी. कोंडू तिथेच जमिनीवर बसला. म्हाताऱ्याने काय मागावं? कोंडूची दुभती म्हैस. आणि कोंडूने दिली.

सकुबाईने, त्याच्या बायकोने, त्यावर महिनाभर घर डोक्यावर घेतलं. "दुभती म्हैस देऊन लोखंड आणलाव," ती येईल-जाईल त्याला सांगायची. "आन् वर सांगतात जर्मन. माझा जर्मनचा टोप बघा, दोन वर्षांत पोचे पडलं." आमच्याकडे अ‍ॅल्युमिनियमला जर्मन म्हणतात, हे तिला ठाऊक होतं आणि हे लोखंड वेगळं आहे हेही ठाऊक होतं. पण म्हैस गेलेली बाई बोलणारच. बोलताबोलता तिने त्या बंदुकीसाठी जुन्या लुगड्याची पिशवी मात्र शिवली. त्या घराची रीत ही अशी होती. तोंड तिखट आणि हात मऊ.

त्या तीननळीबरोबर म्हाताऱ्याने एक काडतूस दिलं होतं, गोळीचं, बोटाएवढं लांब. पितळ हिरवं पडलेलं. साठ वर्षांचं तरी असेल. कोंडूने ते कानाशी हलवून बघितलं आणि मेलेलं आहे म्हणून डबीत ठेवून दिलं.

आता थोडं यंत्राबद्दल सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट तिथेच अडकली आहे. तीननळीला नळ्या तीन, पण चाप दोनच. पुढचा चाप ओढला की एरवी वरच्या उजव्या नळीतून छरा सुटतो. पण दस्त्याच्या मानेवर, अंगठ्याजवळ, एक छोटा खटका असतो. तो पुढे सरकवला की तोच चाप खालच्या नळीतली गोळी सोडतो. खटका पुढे आहे हे शिकाऱ्याला कळावं म्हणून नळ्यांच्या पाठीवर नेम धरायचं एक बारीक पान आपोआप उभं राहतं. ते पान दिसलं की समजायचं, आता छरा नाही, गोळी आहे.

त्या वर्षी खंडेनवमीला कोंडूने दोन्ही बंदुका पाटावर मांडल्या. शेजारी कोयता, विळे, नांगराचा फाळ आणि सकुबाईचं सूप. सकुबाईने सुपात चार दाणे टाकले, फाळाला मातीचं ढेकूळ लावलं आणि बंदुकीकडे बघून म्हणाली, "हिच्यात काय हाय?"

"काय नाय. रिकामी."

"रिकाम्याची पूजा नाय करत," ती म्हणाली. "रिकामं सूप पुजलं तर वरीसभर रिकामंच ऱ्हातं. हिच्यात कायतरी घाला."

छऱ्याची काडतुसं महाग. कोंडूने ते मेलेलं जर्मन काडतूस डबीतून काढलं आणि तिसऱ्या नळीत सारलं. सकुबाईने मग बंदुकीला हळदकुंकू वाहिलं. जिथेजिथे उंचवटा दिसला तिथे बोट टेकवलं, जसं माणसाच्या कपाळावर टेकवतात, थोडं दाबून. वर झेंडूची माळ गुंडाळली, ती नळ्यांच्या पाठीवरून.

दुसऱ्या दिवशी दसरा. संध्याकाळी गाव शिवेवर जातो, आपट्याची पानं वाटतो, आणि ज्याच्याकडे बंदूक असेल त्याने डोंगराच्या दिशेला वर एक बार काढायचा, अशी आमची चाल. कोंडूने तीननळी आणली, नवी नवरी मिरवावी तशी. पूजा मोडू नये म्हणून माळ तशीच ठेवली. बंदूक उघडून वरच्या उजव्या नळीत छऱ्याचं काडतूस घातलं. खालचं त्याला दिसलं. उद्या उत्तरपूजा झाल्यावर काढू म्हणून त्याने ते राहू दिलं. मग बंदूक मिटली, समोरच्या डोंगरातल्या खिंडीच्या वर आभाळाकडे धरली आणि पुढचा चाप ओढला.

बार झाला, पण तो नेहमीचा नव्हता. छऱ्याचा आवाज ढोलासारखा भरीव येतो. हा वीज पडल्यासारखा कडाडला आणि डोंगरातून परत आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "जर्मनचा आवाजच न्यारा," कोणी तरी म्हणालं. कोंडू हसला. खांद्याला बसलेला दणका त्याला कळलाच नाही, कारण त्याच वेळी माळ घसरली होती आणि नळ्यांच्या पाठीवर ते बारीक पान उभं दिसत होतं.

घरी येऊन त्याने बंदूक उघडली. छऱ्याचं काडतूस जसंच्या तसं. गोळीच्या काडतुसाचं नुसतं टरफल, अजून कोमट. खटका पुढे सरकलेला आणि त्याच्या मागच्या खाचेत लालभडक कुंकू. कुंकू लावताना सकुबाईचं बोट इथेच दाबलं होतं. मग खोबरेलाचा बोळा घेऊन ते पुसून काढलं. सकुबाई चुलीशी पुरणाची डाळ वाटत होती, तिला काही सांगितलं नाही.

छरा शे-दीडशे हातांवर विझतो. गोळीचं तसं नसतं. ती मैलभर जाते, माणसाला पाडण्याइतकं बळ ठेवून जाते. खिंडीपलीकडे उतारावर वाडी आहे, मुरबाड तालुक्यातली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तिकडून बातमी आली, की वाडीतला नथू गेला. आदल्या संध्याकाळी भाताच्या राखणीला मचाणाच्या माळ्यावर बसला होता, तो खाली खडकावर पडला. डोकं फुटलं. सणाची घेतली असेल, तोल गेला असेल, असं वाडीने ठरवलं. सकाळीच जाळूनही टाकला.

कोंडू ओटीवर बसून हे ऐकत होता. हातात तंबाखू होती. ती त्याने मळली, तोंडात टाकली आणि गोठ्यात जाऊन बैलांना पेंढा घातला. त्याला वाटलं, आता भीती वाटेल, मग रडू येईल, मग काहीतरी होईल. काहीच झालं नाही. आत जणू कोणी दार ओढून घेतलं होतं.

नथूच्या डोक्याला काय लागलं होतं ते आता कोण सांगणार? राखेला विचारायची सोय नसते. पोलिसात जावं तर काय सांगावं, की मी दसऱ्याचा बार काढला आणि एक माणूस माळ्यावरून पडला? आणि सांगितलं तर पहिला प्रश्न येणार, गोळी घातली कोणाच्या सांगण्यावरून आणि खटका सरकवला कोणी. कोंडू जेलला भीत नव्हता असं नाही, भीत होताच. पण त्याहून त्याला भीती होती ती सकुबाईच्या बोटाची. त्या बोटाने ती भाकरी थापते, देवाला कुंकू लावते. त्या बोटाने माणूस मारला हे तिला कळलं तर ती त्या हाताने पुन्हा जेवणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्याने तोंड शिवलं. बायकोवर एवढी माया असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि इतका मूर्खही नाही.

त्या पौषात, भात झोडून झाल्यावर, त्याने तांदळाचं एक गाठोडं बांधलं आणि खिंड उतरून वाडीत गेला. नथूची बायको रखमी अंगण सारवत होती.

"नथूचा वाटा व्हता," कोंडू म्हणाला. "शिकारीत. हाकाऱ्याचा. ऱ्हाऊन गेलेला."

रखमीने शेणाचे हात तसेच ठेवून त्याच्याकडे बघितलं. नथू तरणेपणी हाकाऱ्याला जायचा हे खरं होतं. पण शिकार बंद होऊनच वीस वर्षं झाली होती. "ठेवा ओट्यावर," ती एवढंच म्हणाली.

दुसऱ्या वर्षी कोंडू पुन्हा गेला, तिसऱ्या वर्षीही. तांदूळ ठेवायचा, तिने दिलेलं पाणी प्यायचा आणि निघायचा. कधी तिच्या कुडाचा खांब बदलून द्यायचा. जाता-येता खिंडीत आणि उतारावर त्याची नजर जमिनीला असायची. दगड उलटवायचा, झाडांची खोडं चाचपायचा. गोळी शोधणारा माणूस तुम्ही पाहिलाय? लोक समजायचे कंदमुळं शोधतोय. रखमी एकदा थट्टेने म्हणाली, "कोंडूदादा, नथूने हत्ती मारलावता का? वाटा संपंना त्याचा." कोंडूला हसू आलं नाही. तिलाही त्याचं काही वाटलं नाही. चार पोरं पोसायची होती, तिला तांदूळ हवेच होते.

बाकीच्यांना मात्र वाटलं. गिरणीवर दळण टाकायला आलेल्या बायांनी सकुबाईला आधी आडून विचारलं, मग सरळच. तुझा नवरा खिंड ओलांडून त्या रांडमुंड बाईकडे काय न्यायला जातो, का द्यायला जातो? सकुबाई घरी आली. जिने म्हशीसाठी महिनाभर आरडाओरडा केला होता ती ह्यावर एक शब्द बोलली नाही. त्याला ताट वाढलं आणि पाठ करून चुलीकडे बसली.

कोंडूने ती पाठ बघितली आणि सगळं समजला. एक वाक्य बोलला असता तर ती पाठ वळली असती. पण ते वाक्य म्हणजे तिचंच बोट. त्याने भात कालवला आणि खाल्ला. चव लागली नाही, पण अलीकडे ती लागत नव्हतीच.

त्यानंतरची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. दोघं एका घरात राहायची, कामापुरती बोलायची. "पेंढा उतरवा." "पाणी तापलंय." मुलगी खर्डीला दिली होती, ती आली की दोघं तिच्याशी बोलायची, तिच्या मधून. तांदूळ न्यायचा दिवस आला की सकुबाई कणगीपासून लांब बसायची. खंडेनवमीला ती सूप पुजायची, कोयता पुजायची, बंदुकांना हात लावायची नाही. कोंडूला वाटायचं, बरंच आहे.

बंदुका तो नेमाने पुसायचा, तेल द्यायचा, नळीतून गज फिरवायचा. जसं मेलेल्याचं तेरावं-चौदावं करतात तसं, करायचं म्हणून. निवडणूक आली की सगळ्या लायसनवाल्यांनी बंदुका ठाण्यात जमा करायच्या असतात. पूर्वी त्या दिवसांत कोंडूला झोप येत नसे, कोणी ओलाव्यात ठेवल्या तर म्हणून. आता जमा करून यायचा आणि परत आणायला पार शेवटी जायचा.

अठ्ठ्याण्णव साली डॉक्टरसाहेबांच्या बायकोचा निरोप आला. साहेब वारले होते. कपाटात एक बंदूक निघाली होती, वर छऱ्याची नळी आणि तिच्याखाली गोळीची, माडीवर माडी. साहेबांनी सांगून ठेवलं होतं, ही कोंडूची. ज्या बंदुकीसाठी कोंडूने अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या ओट्यांवर काढलं ती घरबसल्या चालून आली. त्याने कागद केले, लायसनवर चढवली, घरी आणली आणि तिसऱ्या खुंटीला अडकवली, जसा कोणी विळा अडकवतो. तीन जागा भरल्या. त्याने तिला नावसुद्धा ठेवलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "हाय ती. बंदूकच हाय."

खिंडीत माथ्यावर एक जुनाट रायवळ आंबा होता, गावच्याच बाजूला. तो महादूच्या मालकीचा. महादू म्हणजे कोंडूचा शेजारी, सदा कुरकुर करणारा माणूस. दोन हजार तीनच्या सरत्या दिवसांत, आंबा पोखरला म्हणून त्याने तो विकला. मुरबाडच्या वखारीवाल्याने तोडून नेला. आठवड्याने महादू तणतणत कोंडूच्या ओटीवर आला. कोंडू तेव्हा रखमीकडे न्यायचं गाठोडं बांधत होता.

"तू बंदुकांतला जाणता ना? मंग सांग ही कोणाची," महादू म्हणाला आणि त्याने चिंधीतून काहीतरी काढून फरशीवर ठेवलं. "माझ्या आंब्यात निघाली. दहा-बारा हात उंचावर, खोडात. वखारवाल्याचं पातं तुटलं आन् बोंब माझ्या नावानं. बोलतो, तुमच्या गावात झाडाला गोळ्या घालतात का?"

ती गोळी होती. पुढून चेपलेली, पण बूड शाबूत. वरचं तांब्याचं कवच लाकडाच्या रसाने काळं पडलेलं. कोंडूने ती हातात घेतली. आमच्या दोन्ही तालुक्यांत ठासणीच्या बंदुका होत्या, त्यांचं शिसं गोल असतं. ही तसली नव्हती.

"ठेवून जा," तो म्हणाला. "बघतो."

महादू कुरकुरत गेला. कोंडू आत गेला, आढ्यावरून डबी काढली. त्यात ते टरफल होतं, दसऱ्याचं. त्याने गोळीचं बूड टरफलाच्या तोंडात बसवलं. बसलं, झाकण बसावं तसं नीट. म्हणजे गोळी खिंड ओलांडून गेलीच नव्हती. शिवेच्या अलीकडेच आंब्यात शिरली होती, आणि एवढी वर्षं साल तिच्यावरून भरून आली होती. तो त्या झाडाखालून किती वेळा गेला असेल, खाली बघत. नथू आपला आपणच पडला होता.

कोंडू माजघरात भिंतीला टेकून बसला आणि वाट बघू लागला. आता हलकं वाटेल. आता छातीवरचं उतरेल. मांडी बधिर झाली की माणूस चिमटा काढून बघतो, तसं त्याने मनातल्या मनात म्हणून बघितलं, मी मारला नाय. मी मारला नाय. काही वाटलं नाही.

दारात सकुबाई उभी होती. "तांदूळ न्यायचं ना?" ती तिच्या कोरड्या आवाजात म्हणाली. "ऊन चढतंय."

"बस गो जरा," कोंडू म्हणाला.

इतक्या वर्षांत त्याने तिला बस म्हटलं नव्हतं. ती उंबऱ्यावरच बसली. कोंडूने तिला सगळं सांगितलं. मेलेलं काडतूस, माळ, आवाज, उभं राहिलेलं पान. खाचेतलं कुंकू. नथू. रखमीला खोटा सांगितलेला वाटा. मग गोळी आणि टरफल तिच्या पुढ्यात ठेवलं. सांगताना त्याचा आवाज जराही हलला नाही, जणू दूधवाल्या कोंडूची गोष्ट सांगत होता.

सकुबाईने टरफल उचलून आत डोकावून बघितलं. मग म्हणाली, "कोणता खटका? दाखवा."

त्याने तीननळी काढली, उघडून नळ्या रिकाम्या असल्याचं बघितलं, मिटली आणि तिच्या मांडीवर आडवी ठेवली. तिने उजव्या हाताचं बोट खटक्यावर टेकवलं, कपाळावर टेकवतात तसं, थोडं दाबून. टक् झालं. पाठीवरचं पान उभं राहिलं. तिने बोटाने खटका मागे ओढला, पान निजलं. पुन्हा पुढे केला.

"एवढा हलका?"

"हां."

"मला का नाय सांगितलंव?"

"तुझं बोट व्हतं," कोंडू म्हणाला.

"माझंच बोट व्हतं ना?" सकुबाईने वर बघितलं. तिचे डोळे कोरडे होते आणि तिला संताप आलेला होता, म्हशीच्या वेळी आला होता त्याच्या शंभरपट. "मंग माझं मला द्यायचं व्हतं. मी उचललं असतं. रडली असती, उपाशी बसली असती, मंग उठली असती. गोळी माझी व्हती, आन् तुमी मला रखमी दिलीत."

ते खरं होतं. त्याने तिला जपायचं म्हणून जे केलं त्याने तिची इतकी वर्षं खाल्ली होती. गोळी आंब्यात गेली होती. ती जखम भरून आली, झाडाला कळलीही नाही. घरातली ही जखम त्याने रोज हाताने उघडी ठेवली होती.

सकुबाई उठली. बंदूक त्याच्या हातात दिली, कणगीपाशी गेली आणि गाठोडं सोडून त्यात आणखी दोन शेर तांदूळ घातले. घट्ट गाठ मारली. "चला," ती म्हणाली.

"आता कशाला? आपल्या गोळीनं नाय गेला तो."

"म्हणून ती जेवायची थांबली का?"

दोघं खिंड चढून गेली. माथ्यावर आंब्याचं बुडखं होतं, ओलं, लालसर. सकुबाई तिथे थांबली नाही. दोघं उतार उतरून वाडीत आली तेव्हा रखमी अंगणात मिरच्या वाळत घालत होती. तिने आधी कोंडूला बघितलं, मग मागे सकुबाईला, आणि ती उभी राहिली. गिरणीवरच्या गोष्टी खिंडीच्या दोन्ही बाजूंना पोचतात. तिला वाटलं, आज ही बाई भांडायला आली.

"आज दोघं?" रखमी हळूच म्हणाली. "नथूचा वाटा अजून हायच?"

"नथूचा संपला," सकुबाई म्हणाली आणि कोंडूच्या खांद्यावरचं गाठोडं तिने स्वतः उतरवून ओट्यावर ठेवलं. "आजपासून हा माझा."

रखमीला ते कळलं नाही, आणि तिने विचारलंही नाही. ती पाणी आणायला आत वळली. कोंडूने ओझं उतरलेल्या खांद्यावर हात ठेवला. तो खांदा दुखत होता, बंदुकीचा दस्ता टेकतो त्या जागी, आणि दुखता दुखता त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. तो ओट्यावर बसला आणि मोठ्याने रडू लागला, लहान पोर रडतं तसं, नाक-डोळे न पुसता. रखमी पाण्याचा तांब्या घेऊन दारातच थबकली.

"यांना काय झालं गो?"

सकुबाईने तिच्या हातातून तांब्या घेतला आणि कोंडूच्या शेजारी ठेवला.

"रडू दे त्यांना," ती म्हणाली. "लय दिवसांचं हाय."